बालशिक्षणात एम.ए. करावे का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात, चार वर्षांच्या मुलांच्या हाती पेन्सिल देऊन त्यांच्याकडून कित्ते गिरवून घेऊ नयेत, असे मी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये कित्त्यांविषयी थोडी आणि एका वेगळ्याच विषयावर बरीच पत्रे निघाली. बालशिक्षणात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, ते कोठे घ्यावे आणि घेऊन हाती काय लागेल, असे त्या पत्रांचे विचारणे आहे. त्यांतील चार पत्रे या वेळी घेतली आहेत. नावे गाळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. बी.कॉम. झाल्यावर एक वर्षाची मॉन्टेसरी पदविका केली आणि गेली चार वर्षे एका खासगी बालवाडीत मोठ्या शिशुगटाला शिकवते. मुले समोर असतात, पण त्यांच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला कळत नाही, असे मला वारंवार वाटते. म्हणून बालशिक्षणात एम.ए. करण्याचा विचार आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळेल का? कोणता अभ्यासक्रम निवडावा? आणि त्यानंतर शाळेत कायमची नोकरी मिळेल का?

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत आणि त्यापायी दोन वर्षे व बरेच पैसे खर्च झाल्यावर हळहळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बालशिक्षणातील एम.ए. किंवा एम.एस्सी. ही शैक्षणिक पदवी आहे. ती शिक्षकाची व्यावसायिक अर्हता नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर प्राथमिक शिक्षणाची पदविका, म्हणजे डी.एल.एड., आणि शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानंतर तर बी.एड. ही पदवीसुद्धा प्राथमिक वर्गांसाठी पुरेशी राहिलेली नाही. त्यामुळे अनुदानित शाळेतील पगारी नोकरी हेच आपले उद्दिष्ट असेल, तर एम.ए.च्या वाटेने तेथे पोहोचता येणार नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षिका म्हणून काम करायचे असेल, तर त्यासाठीही भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी लागते.

मग या पदवीने कोणती दारे उघडतात? बालवाडीच्या शिक्षिकांना आणि अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण देणे, पूर्वप्राथमिक विभागाची प्रमुख म्हणून काम पाहणे, अभ्यासक्रम आणि साहित्य तयार करणाऱ्या संस्थांमध्ये जाणे, स्वयंसेवी संस्थांच्या वस्तीपातळीवरील प्रकल्पांत काम करणे, आणि पुढे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात अध्यापन करणे. नेटसाठी खुल्या गटाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, हे प्रवेश घेतानाच ध्यानात ठेवावे. पहिल्या सत्रात सैल सोडलेले गुण शेवटी भरून काढताना दमछाक होते.

आता प्रवेशाविषयी. 'बालशिक्षण' या नावाची पदव्युत्तर पदवी आपल्याकडे थोड्याच ठिकाणी मिळते. बहुतेक विद्यापीठांत हा विषय दुसऱ्या नावांखाली शिकवला जातो आणि म्हणून अनेकींना तो सापडत नाही. गृहविज्ञान विद्याशाखेत तो 'मानवी विकास' या नावाने असतो. मुंबईत, महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये (मुळात पुण्यात) स्थापन केलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात आणि निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालयात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, तसेच दिल्लीच्या लेडी आयर्विन महाविद्यालयात ही परंपरा जुनी आहे. येथे जन्मापासूनचे बाळ, कुटुंब, पोषण आणि आरोग्य यांचा अभ्यास पक्का होतो. परंतु प्रवेशासाठी गृहविज्ञानाची किंवा त्याच्या जवळच्या विषयाची पदवी मागितली जाण्याचा संभव असतो, आणि आपली अडचण तेथेच येईल. दुसरी वाट शिक्षणशास्त्रातून जाते. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने बालसंगोपन आणि बालशिक्षण या विषयात एम.ए. चालविले आहे, आणि बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शिक्षणविषयक एम.ए.मध्ये बालशिक्षण हा विशेष अभ्यासाचा विषय म्हणून घेता येतो. या दोन्ही ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराचा विचार होतो, त्यामुळे वाणिज्य शाखेची पदवी तेथे आड येत नाही. एम.एड.चा विचार मात्र आपण करू नये. त्यासाठी आधी बी.एड. किंवा तत्सम अर्हता लागते आणि त्यातील विशेषीकरण प्राथमिक किंवा माध्यमिक स्तराचे असते, पूर्वप्राथमिकाचे नव्हे. या सर्व ठिकाणच्या अटी आणि शुल्क त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच पाहावेत.

निवड करताना विद्यापीठाच्या नावापेक्षा मी एका गोष्टीकडे आधी पाहीन : त्या विभागाची स्वतःची बालवाडी आहे का, आणि विद्यार्थिनी तिच्यात किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली बसतात. सराव वर्षातून एकदा पंधरवडाभर उरकला जात असेल, तर त्या अभ्यासक्रमातून पुस्तकी ज्ञान मिळेल, पण आपण पत्रात ज्याची उणीव लिहिली आहे, ती भरून निघणार नाही. 'मुलाच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही' हे वाक्य लिहायला धैर्य लागते. पुष्कळ अनुभवी शिक्षिकांना ते कळत नसते आणि आपल्याला कळत नाही हेही कळत नसते.

यावर एक प्रसंग सांगते. माझ्याकडे लघुशोधप्रबंधासाठी आलेली एक विद्यार्थिनी एका बालवाडीत निरीक्षण करीत होती. चार वर्षांच्या एका मुलाविषयी तिने पहिल्या दिवशी लिहिले होते, 'मूल हट्टी आहे, गटात बसत नाही, इतरांच्या वस्तूंशी उचापती करते.' मी तिला सांगितले की विशेषणे सगळी काढून टाक आणि उद्या वीस मिनिटे फक्त डोळ्यांना दिसेल तेवढे, घड्याळ पाहून लिही. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी होती : दहा वाजून बारा मिनिटांनी त्याने डब्यातून मूठभर चिंचोके घेतले. दाराशी गेला. ओळीने काढून ठेवलेल्या चपलांपैकी पहिल्या चपलेत एक चिंचोका ठेवला, मग दुसरीत एक. अकराव्या चपलेपाशी चिंचोके संपले. तो परत आला, मूठ भरून घेतली, पुन्हा दाराशी गेला आणि नेमका अकराव्या चपलेपासून पुढे ठेवू लागला. शेवटी हातात तीन उरले. ते त्याने बराच वेळ पाहिले आणि ताईंना विचारले, 'कोण नाही आलं?'

ही नोंद वाचताना त्या विद्यार्थिनीचे डोळे भरून आले होते. ज्याला ती उचापती म्हणत होती, ती एकास एक संगती होती, म्हणजे एका वस्तूला नेमकी एक वस्तू जोडणे, आणि तोच सगळ्या मोजणीचा पाया. उरलेल्या चिंचोक्यांवरून न आलेल्या मुलांचा अंदाज बांधणारे ते मूल वर्गात 'गणितात कच्चे' म्हणून गणले जात होते, कारण त्याला पाटीवर ४ चा आकडा काढता येत नव्हता. (एका चपलेला एक मूल आणि मुठीतले चिंचोके मुलांएवढेच, असे त्याने धरले होते, हा हिशोब चुकीचा होता, पण त्या चुकीतही त्याचा विचार किती सरळ आहे ते पाहावे.) असे पाहायला शिकवणारा मार्गदर्शक ज्या विभागात असेल, तेथे आपण जावे, मग त्या विभागाची इमारत जुनी असली तरी चालेल.

प्रवेशापूर्वी शक्य झाल्यास विभागात प्रत्यक्ष जाऊन, सध्या शिकत असलेल्या विद्यार्थिनींच्या निरीक्षणवह्या पाहायला मागाव्यात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या रचनेत महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांमध्ये प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत, आणि पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे. नोकरी सोडून दोन वर्षे काढणे परवडणार नसेल तर ही सोय उपयोगी पडेल. आपल्या मॉन्टेसरी पदविकेविषयी एवढेच लिहिते, की 'मॉन्टेसरी' हे नाव कोणीही लावू शकते, त्यामुळे विद्यापीठ तिला प्रवेशासाठी महत्त्व देईलच असे नाही. आपल्या चार वर्षांच्या अनुभवाला मात्र मुलाखतीत निश्चित महत्त्व मिळेल. वर्गातील तीन मुलांविषयी, त्यांची नावे न लिहिता, आजपासून रोज दहा ओळींची नोंद ठेवावी आणि ती वही मुलाखतीला घेऊन जावी.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त कर्मचारी आहे. माझी मुलगी मानसशास्त्रात पहिल्या वर्गात पदवीधर झाली. तिला बँकेच्या किंवा राज्यसेवेच्या परीक्षा द्या असे आम्ही सांगतो, पण ती बालशिक्षणात एम.ए. करायचे म्हणते. लहान मुलांना सांभाळायला आणि गाणी शिकवायला एवढ्या शिक्षणाची काय गरज? उद्या तिला पगार तरी किती मिळणार?

पगाराविषयीची आपली काळजी खरी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. खासगी बालवाड्यांमध्ये शिक्षिकांना मिळणारे वेतन बहुतेक ठिकाणी अत्यंत कमी आहे आणि ते पाहून मला आजही संताप येतो. आपली मुलगी एम.ए. करून केवळ अशा बालवाडीच्या वर्गात गेली, तर तिच्या पदवीचे मोल तिच्या पगारात दिसणार नाही. मोठ्या संस्थांमधील प्रशिक्षण, अभ्यासक्रमनिर्मिती आणि संशोधन या कामांत, तसेच नेट होऊन महाविद्यालयात गेल्यास, परिस्थिती पुष्कळ बरी असते. परंतु बँकेतील नोकरीसारखी ठरलेली शिडी तेथे नाही. हे तिने समजून घेतलेले असावे आणि आपणही तिच्याशी यावर शांतपणे बोलावे.

'एवढ्या शिक्षणाची काय गरज' या प्रश्नाविषयी मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये असे नमूद आहे की मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी झालेला असतो. असे असताना सर्वांत कमी शिकलेल्या आणि सर्वांत कमी पगाराच्या व्यक्तीकडे आपण तीच वर्षे सोपवतो. याचे मूळ काही अंशी कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन व्यवस्था करू शकेल, एवढेच त्याच्या अकराव्या कलमात म्हटले आहे. 'करू शकेल' आणि 'करील' या दोन शब्दांमधील अंतरात आपल्या कित्येक पिढ्यांचे बालपण गेले. नव्या धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर हा शालेय रचनेचाच भाग मानला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही प्रसिद्ध झाला. आराखडा कागदावरून वर्गात नेण्यासाठी या वयाचे शास्त्र जाणणारी माणसे लागतात आणि ती आज फार थोडी आहेत. आपली मुलगी ज्या क्षेत्रात जाऊ इच्छिते, त्याची गरज वाढत जाणार आहे, असे मी जबाबदारीने लिहिते.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील यिप्सिलँटी या गावी १९६२ मध्ये सुरू झालेला एक प्रयोग या विषयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवला जातो. गरीब घरांतील १२३ कृष्णवर्णीय मुले त्यात होती. त्यांपैकी ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात उत्तम पूर्वप्राथमिक शिक्षण देण्यात आले, इतरांना ते मिळाले नाही, आणि दोन्ही गटांचा पाठपुरावा पुढे त्यांच्या वयाच्या चाळिशीपर्यंत केला गेला. बालवाडीत गेलेली मुले मोठेपणी अधिक कमावती झाली आणि त्यांच्यातील अटकेचे प्रमाण कमी राहिले. हा निष्कर्ष सगळे सांगतात. त्या प्रयोगातील शिक्षिका पदवीधर व प्रशिक्षित होत्या आणि दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत होत्या, हे सांगायचे पुष्कळदा राहून जाते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी शिकलेली बाई लागते, हेच त्यातून दिसते.

आणि आपल्या मातीतील उदाहरण हवे असेल तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांचे घ्यावे. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद हातात असताना त्या ते सोडून भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या. त्या काळीही त्यांना अनेकांनी आपण मुलीला विचारता तोच प्रश्न विचारला असेल. गाणी शिकवणे हे काम सोपे आहे असे आपल्याला वाटते, तर एक दिवस मुलीबरोबर कोणत्याही अंगणवाडीत जाऊन दोन तास बसावे, आणि मग हा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. तिच्याकडे मानसशास्त्राची पदवी आहे, म्हणजे मानवी विकास आणि शिक्षणशास्त्र या दोन्ही वाटा तिला बऱ्याच अंशी मोकळ्या आहेत.

प्रश्न : मी मूळची ठाण्याची, सध्या अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एच-४ व्हिसावर (तेथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) राहते. मुंबई विद्यापीठाची बी.ए., बी.एड. आहे. येथे बालशिक्षणात मास्टर्स केल्यास पूर्वप्राथमिक शाळेत शिकवता येईल का?

एच-४ व्हिसावर शिक्षण घेता येते, परंतु नोकरीसाठी कामाची वेगळी परवानगी लागते, आणि ती पतीच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतील टप्प्यावर अवलंबून असते. हा हिशोब प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी मांडावा. सरावपाठांचा भाग कोणत्या स्वरूपात करता येईल, तेही विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाकडून लेखी घ्यावे.

शिकवण्याचा परवाना तेथे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. न्यू जर्सीची गोष्ट या बाबतीत विशेष आहे. १९९८ मध्ये तेथील राज्य सर्वोच्च न्यायालयाने गरीब शाळा-जिल्ह्यांतील तीन आणि चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचा आदेश दिला. त्यानंतर तेथे पंधरा मुलांमागे एक शिक्षिका व एक मदतनीस, आणि शिक्षिका पदवीधर व प्रमाणपत्रधारक, असा दंडक आला. या प्रमाणपत्राला पी-३ म्हणतात, म्हणजे पूर्वप्राथमिक ते तिसरी. आपल्याला हवे आहे ते हे प्रमाणपत्र, म्हणून अर्ज करताना 'या मास्टर्सने पी-३ प्रमाणपत्राची पात्रता मिळते का' हा एकच प्रश्न प्रत्येक विद्यापीठाला विचारावा. काही अभ्यासक्रम प्रमाणपत्रासह असतात आणि काही केवळ शैक्षणिक असतात. भारतातील पदव्यांचे तेथील मूल्यांकनही करून घ्यावे लागेल. तोपर्यंत जवळच्या महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा असेल तर तेथे शिकवावे. घरी एक आणि बाहेर दुसरी भाषा बोलणारी चार वर्षांची मुले दोन्ही भाषा कशा जुळवतात, याचे निरीक्षण आपल्याला अभ्यासात फार उपयोगी पडेल.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. वय ४१. लग्नानंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. मला पुढे बालशिक्षणात एम.ए. करायचे आहे, पण इंग्रजी येत नाही आणि अंगणवाडी सोडून शहरात राहता येणार नाही. या वयात हे करावे का? केल्यास बढती मिळेल का? घरचे म्हणतात की पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदींचे मोबाइल ॲप) भरता भरता दिवस जातो, आता अभ्यास कधी करणार.

ताई, आपले पत्र या चारांत मला सर्वांत मोलाचे वाटले. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बढतीविषयी आधी स्पष्ट सांगते. मुख्य सेविकांच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकांच्या, काही जागा अनुभवी सेविकांमधून भरल्या जातात, त्यासाठी शिक्षण, सेवेची वर्षे आणि वयोमर्यादा यांच्या अटी असतात. पण त्यात पदव्युत्तर पदवीची अट नसते. आपली बी.ए. त्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि ती आपण आधीच मिळवली आहे. सध्याच्या अटी आपल्या प्रकल्प कार्यालयातून, शक्य तितक्या लवकर, माहीत करून घ्याव्यात, कारण वयोमर्यादेची तारीख उलटून गेल्यावर कळण्याचा उपयोग नसतो. एम.ए. केल्याने मानधन वाढेल असेही नाही. हे सगळे मान्य करूनही आपल्याला शिकायचे असेल, तर वयाची चिंता करू नये. ताराबाई मोडकांच्या सहकारी अनुताई वाघ शाळेत नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या होत्या, आणि १९४५ मध्ये ताराबाईंबरोबर बालवाडीच्या कामासाठी डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. त्यांच्या आयुष्याचे खरे काम त्यानंतर सुरू झाले.

आता वाट कोणती घ्यावी? आपण एकदम एम.ए.कडे जाऊ नये, असे माझे मत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सांगितला आहे; आपल्या प्रकल्पात असे प्रशिक्षण आले तर त्यात पहिल्या तुकडीत नाव द्यावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण या विषयातील पदविका बारावीनंतर दूरशिक्षणाने करता येते, तीही विचारात घ्यावी. ही पायरी झाली की अभ्यासाची सवय परत येते, विषयाची परिभाषा कानावरून जाते, आणि मग एम.ए. जड वाटत नाही. एम.ए. दूरशिक्षणाने करायचे झाल्यास ते विद्यापीठ आणि तो नेमका अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे एखाद्या जाणत्या मुलाकडून मोबाइलवर तपासून घ्यावे. केवळ जाहिरातीवर किंवा एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नयेत. आपल्यासारख्या बायकांची फसवणूक नेमकी येथेच होते.

इंग्रजीची अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. या विषयातील वाचनाचा मोठा भाग इंग्रजीत आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे किंवा रशियाचे वायगॉट्स्की यांचे विचार मराठीतून नीट समजावून सांगणारे लेखन कमी आहे, आणि ही आम्हा शिकवणाऱ्यांची उणीव आहे. पण त्यांचे म्हणणे आपल्याला अपरिचित नाही. पसरट वाटीतील पाणी उंच पेल्यात ओतले की चार वर्षांचे मूल 'आता जास्त झालं' म्हणते, हे आपण कितीदा पाहिले असेल. पियाजे यांनी तेच पाहून त्यातून मुलाच्या विचाराची रीत मांडली. थोड्या मोठ्या मुलाने हात धरला की लहान मुलाला एकट्याने न जमणारी गोष्ट जमते, हे आपल्या अंगणवाडीत रोज घडते. वायगॉट्स्की यांच्या मांडणीचा तो गाभा आहे. इंग्रजी शब्द हळूहळू येतील. रोज अर्धे पान, शब्दकोश जवळ घेऊन, एवढे एक वर्ष केले तर पुरे होईल. प्रवेश घेताना उत्तरपत्रिका आणि प्रबंध मराठीत लिहिण्याची परवानगी आहे का, हे आधी विचारावे.

शहरातल्या विद्यार्थिनीजवळ नसलेली एक गोष्ट आपल्याजवळ आहे. एम.ए.च्या विद्यार्थिनींना निरीक्षणासाठी मुले मिळवताना शाळांच्या परवानग्या काढाव्या लागतात, आठवड्यातून दोन सकाळी मिळतात आणि सत्र संपले की त्या मुलांची साथ सुटते. आपल्याकडे तीच मुले सलग तीन वर्षे असतात. आपण त्यांना गरोदर आईच्या नोंदीपासून ओळखता, त्यांचे वजन स्वतः घेता, लसीकरणाला त्यांना स्वतः नेता, आजीचे नावही आपल्याला माहीत असते. पोषण, आरोग्य तपासणी, लसीकरण आणि पूर्वशालेय शिक्षण हे एकाच ठिकाणी एकत्र मिळणे ही एकात्मिक बालविकास योजनेची, २ ऑक्टोबर १९७५ रोजी ती ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हापासूनची, कल्पना आहे. कागदपत्रांच्या ओझ्याखाली तिचे तेज झाकोळले, पण आपल्या पाड्यावर ती जिवंत आहे.

आणि 'अंगणवाडी' हा शब्द तर आपल्यासारख्याच पाड्यांवरून आला. बोर्डीच्या बालवाडीत वारली मुले येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई त्यांच्या पाड्यांवर जाऊन, त्यांच्या अंगणात मुलांना गोळा करू लागल्या. पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. भावनगरला वापरलेली महागडी मॉन्टेसरी साधने त्यांनी तेथे आणली नाहीत. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांवर मुलांची मोजणी आणि वर्गीकरण चालले. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शहरी शिक्षणाची घडी त्या मुलांवर लादण्याऐवजी मुलांच्या दिवसाप्रमाणे शाळा वाकवणे, हे त्यांनी केले. आणि आजही मला बालशिक्षणातील सर्वांत अवघड काम तेच वाटते.

म्हणून अभ्यासाचा विषय शोधायला आपल्याला लांब जावे लागणार नाही. आपल्या पाड्यावरची मुले घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलतात आणि अंगणवाडीत 'आकार' या अंगणवाडी-अभ्यासक्रमातील गाणी मराठीत म्हणतात. पहिल्या दिवशी आलेले तीन वर्षांचे मूल कोणत्या शब्दाला प्रथम मान वर करते? कोणत्या महिन्यात ते पहिले मराठी वाक्य स्वतःहून बोलते, आणि ते कोणाशी, आपल्याशी की दुसऱ्या मुलाशी? पावरी गाणे आधी म्हटले तर मुले मराठी गाण्यात लवकर सामील होतात का? या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठात कोणाकडे नाहीत, कारण तेथे पावरी समजणारे कोणी बसलेले नसते. आपण उद्यापासूनच एक शंभर पानी वही करावी, एका मुलासाठी पाच पाने ठेवावीत, आणि दुपारी मुले घरी गेल्यावर मदतनीस ताई भांडी आवरीत असताना, दहा मिनिटे त्या दिवशी कानावर पडलेले शब्द पावरीत जसेच्या तसे, तारीख घालून लिहावेत. पदविकेला प्रवेश मिळेपर्यंत या वहीत निदान एका पावसाळ्याची नोंद झालेली असेल. तिची चार पाने मला झेरॉक्स काढून पाठवावीत. मार्गदर्शक म्हणून कोणाकडे जावे हे ती पाहून मी आपल्याला पत्राने कळवीन.